दुकानावर पाटी कुणाच्या नावाची?

मोबाइल हातात घ्या नि ‘कोल्हापुरी चप्पल’ एवढे दोनच शब्द गुगलवर टाका. पहिली पंगत बहुतेक वेळा जाहिरातवाल्यांची, पैसे मोजून वर बसलेल्यांची. दुसरी पंगत चपलेपासून चमच्यापर्यंत सगळं विकणाऱ्या अजस्र ऑनलाइन बाजारांची. मग शहरातले ‘ब्रँड’, ज्यांच्या मालकाने जन्मात कधी ओल्या कातड्याचा वास घेतलेला नाही. असं खाली खाली सरकत जा. अंगठा दुखेल, पण चप्पल करणाऱ्या माणसाचं घर काही लवकर सापडायचं नाही.

आणि ह्या दुकानांत एक फोटो हटकून भेटतो. चामड्यावर रापी चालवणारे दोन म्हातारे हात. काळे, भेगाळलेले, नखांत खळ अडकलेली. पण मनगटापर्यंतच. मनगटाच्या वर फोटो कापलेला. तोंड नाही, नाव नाही, गाव नाही. खाली एक ओळ, ‘आमचे कारागीर’. आमचे म्हणजे कुणाचे, शेठ? बाजारातून उचलून आणले काय? पुढे ‘शतकांची परंपरा’, ‘राजेशाही वारसा’ वगैरे तूप ओतलेलं असतंच. परंपरा शेठची, वारसा शेठचा, हात तेवढे आपले.

ही चप्पल कोण करतं हे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्या आठ जिल्ह्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ढोरांनी हिरड्यात नि बाभळीच्या सालीत कातडं कमावलं, चांभारांनी कापलं-शिवलं, घरातल्या बायांनी वेणी वळली. सरकारी कागदावर ‘चर्मकार’ लिहितात, गावात काय म्हणतात ते सांगायला नको. २०१९ साली ह्या आठ जिल्ह्यांच्या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाल्याच्या बातम्या झाल्या. म्हणजे कायद्याने मान्य केलं की ही चीज इथलीच, इथल्याच रीतीने केलेली. कायद्याने मान्य केलं, बाजाराने नाही केलं.

मग २०२५ चा जून उजाडला. इटलीत मिलानला प्राडा कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचा तमाशा मांडला आणि गोऱ्या पोरांच्या पायांत आपली अंगठ्याची चप्पल. नाव काय दिलं? चामड्याची सँडल. कोल्हापूर नाही, भारत नाही, काही नाही. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने कबूल केलं की नमुना भारतातल्या हस्तकलेवरून सुचला. डिसेंबरात महाराष्ट्र नि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, दोन हजार जोड इथे करून घ्यायचे नि जोडाला सुमारे ८०० युरो लावायचे असं जाहीर झालं. करारावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. मला टोचलं ते दुसरंच. त्या महिन्यांत जगाच्या पाठीवर कुणी ना कुणी ‘ही चप्पल मुळात कुणाची?’ म्हणून शोधत असणारच. शोधणाऱ्याला भेटलं कोण? वर्तमानपत्रं, राजकारणी आणि तेच मनगटापर्यंतचे हात छापणारे व्यापारी. पाहुणा शोधत आला आणि आपल्या घराला दारच नव्हतं.

तर दोस्तहो, म्हणणं एवढंच आहे. चप्पल करणाऱ्या प्रत्येक घराची स्वतःची वेबसाइट पाहिजे, स्वतःच्या नावावर पाहिजे, आणि तिच्यात बोलणारा माणूस तोच पाहिजे. (मराठीत ‘संकेतस्थळ’ म्हणायची रीत पडलीय. जुन्या काव्यनाटकांत प्रियकर-प्रेयसी चोरून भेटायचे त्या जागेला संकेतस्थळ म्हणत. आपल्याला उजळमाथ्याने धंदा करायचाय, म्हणून मी आपला वेबसाइटच म्हणतो.)

ह्यावर वस्तीतली पोरं लगेच बोलणार. “भावा, इन्स्टा हाय की. व्हॉट्सॲपला चारशे गिऱ्हाईक हाय. आता वेबसाइट कोण बघतंय?”

बघतंय. पण आधी दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड थाटणाऱ्यांचं काय झालं ते आठवा. ऑर्कुट आठवतं? सप्टेंबर २०१४ च्या अखेरीला मालकाने कुलूप लावलं. टिकटॉकवर गावाकडच्या पोरापोरींनी लाखलाख माणूस जमवलं होतं, ज्यांना कुठल्या नाट्यगृहाने पायरी चढू दिली नसती अशा पोरांनी. २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातली आणि एका रात्रीत जमलेली माणसं गेली. बंदी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू. माणसं पोराची नव्हती, वाड्याची होती, एवढं त्या रात्री कळलं. आणि छोट्या दुकानदारांचंच उदाहरण पाहिजे असेल तर हे घ्या. नकाशावर दुकानाची नोंद केली की गुगल फुकटात एक पानी वेबसाइट बनवून देत असे. किती सलूनवाले, गॅरेजवाले, खानावळवाले तिच्यावर विसंबून होते! मार्च २०२४ मध्ये गुगलने ती बंद केली. थोडे महिने जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नकाशाच्या नोंदीकडे वळवलं, मग तेही थांबवलं. पिशव्यांवर, पावत्यांवर, टेम्पोच्या पाठीवर छापलेले पत्ते मेले.

फेसबुकचं तर विचारूच नका. आधी म्हणाले, पान काढा, माणसं जमवा. माणसं जमली. मग तुमची पोस्ट त्यातल्या थोड्यांनाच दिसायला लागली. सगळ्यांना दाखवायची तर पैसे टाका. म्हणजे तुमचीच माणसं तुम्हाला भाड्याने.

हे नवं बलुतं आहे. गावगाड्यात चांभाराने वर्षभर पाटलाच्या घरच्या चपला, मोटेची चामडी, बैलाचे पट्टे करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. किती पायल्या पडतील ते पाटलाच्या मर्जीवर. आता वर्षभर रील काढायच्या आणि किती माणसं पदरात पडतील ते अल्गोरिदमच्या मर्जीवर. पाटलाच्या निदान तोंडावर शिव्या देता येत होत्या. मोठ्या ऑनलाइन बाजाराचंही तेच. माल तुमचा, कमिशन त्यांचं, परत आलेल्या जोडाचा भुर्दंड पुष्कळदा तुमच्याच माथी, आणि गिऱ्हाईक त्यांचं. उद्या त्या माणसाला दुसरा जोड पाहिजे असेल तर तो तुमच्याकडे येत नाही, त्यांच्याकडे जातो. तुमचं नावसुद्धा त्याला ठाऊक नसतं.

इन्स्टा सोडा असं मी म्हणत नाही. बाजारात हाळी द्यायला ते चांगलं. पण हाळी दिल्यावर गिऱ्हाईक यायचं कुठे, तर आपल्या दारात.

आपल्या माणसांना ही गोष्ट नवी नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. पैसे भरून जाहिरात छापा म्हटलं तरी ‘केसरी’ने नकार दिला. दुसऱ्याच्या कागदावर आपल्याला विकतची जागासुद्धा नव्हती. म्हणून आपला कागद. त्या कागदाला अडीच हजार रुपये दिले कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. आज त्याच कोल्हापुरातला कारागीर जगातल्या सगळ्यांत मोठ्या छापखान्यासमोर बसलाय, छापायचा खर्च महिन्याला चहाइतका आहे, आणि तरी त्याच्या नावाचं एक पान नाही.

आता कामाचं बोलू.

वेबसाइटचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो म्हणजे तुमचा सातबारा. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. शेवटी ‘डॉट इन’ घ्या, ‘डॉट कॉम’ घ्या. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’सुद्धा मिळतो, हौस म्हणून तोही घ्या, पण टाइप करायला लोकांना अजून जड जातं, तेव्हा मुख्य पत्ता सोपाच ठेवा. आणि इथेच पहिली फसवणूक होते. वेबसाइट बनवणारा पोऱ्या येतो, पंधरा हजार घेतो, आणि सातबारा स्वतःच्या नावावर करतो. पत्ता त्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्या खिशात. दोन वर्षांनी भांडण झालं किंवा तो दुबईला गेला की तुमचं दुकान त्याच्या नावावर. म्हणून डोमेन स्वतः विकत घ्या, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या फोन नंबरने. बनवायचं काम दुसऱ्याला द्या, मालकी देऊ नका. जमिनीच्या कागदावर आजोबाने अंगठा उठवला त्याची फळं अजून भोगतोय आपण.

बनवण्याचं म्हणाल तर वर्डप्रेस २००३ पासून आहे, त्याचा कोड सगळ्यांचा, फुकट. पत्त्याशेजारी कुलपाची खूण दिसावी लागते, नाहीतर मोबाइल गिऱ्हाइकाला ‘सुरक्षित नाही’ म्हणून घाबरवतो. एजंट ह्या कुलपाचे वेगळे पैसे लावतात. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही एका ना-नफा संस्थेची सेवा ते फुकट देते, एवढं त्याच्या तोंडावर सांगा. पैसे घ्यायला यूपीआय आहे, थेट बँकेत येतात. पाठवायला पोस्ट आहे. चार-पाच पानं पुरे झाली: माल, माप कसं द्यायचं, आम्ही कोण, पत्ता-फोन, आणि एक लिहायचं पान ज्याला ब्लॉग म्हणतात. त्या शेवटच्या पानावर सगळा खेळ आहे, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी आपल्याकडच्या दोन खास खोडी. पहिली फ्लेक्सची. आपल्या माणसाला वेबसाइट म्हणजे चौकातला फ्लेक्स वाटतो. सगळी माहिती एका चित्रात घालायची: नाव, भाव, फोन, वर शाहू-फुले-आंबेडकर, कोपऱ्यात स्वतः गॉगल लावून. दिसायला झकास. पण गुगलचं यंत्र पानं वाचत फिरतं, त्याला अक्षरं लागतात. चित्रात कोंडलेली अक्षरं नीट कळतीलच ह्याची खात्री नाही. फोन नंबरसुद्धा चित्रात कोंडला तर गिऱ्हाइकाला बोट टेकवून फोन लावता येत नाही. अक्षरं अक्षरांसारखी लिहा, आणि फोटोच्या मागे तो कशाचा आहे त्याची एक ओळ लिहायची सोय असते, ती भरा. फोटो हलका करून टाका. बहुतेक माणूस मोबाइलवर येतो, गुगलही आता मोबाइलवरचंच पान आधी बघतं. पान उघडायला अर्धं मिनिट लागलं तर तो परत फिरला म्हणून समजा.

दुसरी खोड आपली, लिटल मॅगझिनवाल्यांची नि डीटीपीवाल्यांची. श्रीलिपी, कृतीदेव! वर्षानुवर्षं आपण ह्या फॉन्टांत अंक लावले. कागदावर छापून आलं की मराठी, पण संगणकाच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ असते. तसला मजकूर तसाच उचलून वेबसाइटवर चिकटवला तर गुगल त्याला मराठी म्हणून ओळखत नाही, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही कचरा दिसतो. युनिकोडमध्ये लिहा. मोबाइलवर मराठी टाइप करता तेच युनिकोड. आणि मराठीबरोबर इंग्रजीतही लिहा, कारण पुण्या-मुंबईचा मराठी माणूससुद्धा शोधताना रोमन अक्षरांत शोधतो, आणि चप्पल बंगळूरला नि लंडनलाही जायचीय.

आता ब्लॉगचं. लोक येतात कसे? एजंट सांगतो, “तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणतो, महिना आठ हजार.” गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. एजंट काय करतो? हजार ठिकाणी तुमच्या पत्त्याच्या जोडण्या पेरतो, एकच शब्द पन्नासदा घुसडून पानं भरतो. असली भरताड पानं खाली ढकलायला गुगलने २०११ मध्ये आपली गणितं बदलली, विकतच्या जोडण्यांसाठी २०१२ मध्ये पुन्हा बदलली. एजंट आठ हजार घेऊन पसार, खड्ड्यात तुमचं पान.

माणूस गुगलकडे जातो तो प्रश्न घेऊन. ज्याच्या पानावर प्रश्नाचं सरळ उत्तर आहे, त्याला ते पान कधी ना कधी सापडतं. आणि चपलेबद्दलची उत्तरं कुणाकडे आहेत? शेठकडे? शेठला चप्पल कुठल्या बाजूने उसवते हे तरी माहीत आहे काय? साठ वर्षं रापी धरलेला म्हातारा जे सांगतो ते कुठल्या कंपनीच्या लेखनिकाला सात जन्मांत लिहिता येणार नाही. त्याच्यासमोर बसा, मोबाइलवर त्याचं बोलणं उतरवा, तसंच्या तसं टाका.

नवी चप्पल चावते, काय करू? हा एक प्रश्नच किती माणसं विचारत असतील! उत्तर द्या: आतून तेलाचा हात फिरवा, पहिले दिवस घरात अर्धा-अर्धा तास घाला, चामडं पायाचा आकार घेतं. पावसात घालू का? नको, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात टाकली की वाकडी होते. खरं चामडं नि रेक्झिन कसं ओळखायचं? कडा बघा, वास घ्या, तळ उलटा करून शिवण बघा. अस्सल जोडात खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेलं असतं. कापशी म्हणजे काय, कुरुंदवाडी म्हणजे काय? कापशी चप्पल करकर का वाजते? माप कसं देऊ? कोऱ्या कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारा, टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजा, संध्याकाळी मोजा कारण दिवसभरात पाय फुगतो. असं एकेक उत्तर म्हणजे एकेक पान. महिन्यात दोन लिहिलीत तर वर्षात चोवीस दारं झाली, आणि प्रत्येक दारातून आलेला माणूस चपलेचाच विचार करत आलेला.

आणि एक पान भावावर लिहाच. रस्त्यावर तीनशेला मिळते ती तुमच्याकडे दोन हजारांना का? कातड्याला किती, कमावणीला किती दिवस, एका जोडाला किती हात नि किती तास, वेणीला किती, आपल्या मजुरीला किती, उघडा हिशेब मांडा. व्यापारी हे पान कधीच लिहू शकणार नाही. लिहिलं तर तुम्हाला तो काय देतो ते जगाला कळेल.

पहिले सहा महिने कोणी फिरकणार नाही, हेही सांगून ठेवतो. शेतात पेरल्या दिवशी कणीस बघायला कोणी जात नाही. पण तेवढ्यात नकाशावरची फुकट नोंद करा, तिच्यात आपल्या वेबसाइटचा पत्ता घाला, घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगा. २०२५ साली महामंडळाने अस्सल कोल्हापुरीला क्यूआर कोडची चिठ्ठी लावायचं जाहीर केलं, तिच्यात कारागिराचं नाव-गाव असेल असं सांगितलं. चांगलं झालं. आपणही आपली चिठ्ठी डब्यात टाकायची, तिच्यावर आपला पत्ता.

आता खरी मेख. ‘आम्ही कोण’ हे पान.

पोरगा वेबसाइट बनवायला बसतो नि बाप म्हणतो, “आडनाव नको रं घालू. रॉयल, हेरिटेज, राजवाडा असलं कायतरी घाल.” म्हाताऱ्याला मी हसत नाही. ह्या देशात आडनाव वाचून पाण्याचा पेला कुठला द्यायचा हे ठरतं, मग चप्पल घ्यायची की नाही हेही ठरणारच. अमेरिकेतून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. बरी चालायला लागली, आणि मालक अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना. पेढी बुडाली. सल्ला तोच होता, आकडे तेच होते. बापाची भीती हवेतून आलेली नाही.

तरीही मी म्हणतो नाव घाला. आडनावासकट, गावासकट, गल्लीसकट. तोंड दिसेल असा फोटो घाला, मनगटापाशी कापू नका. का? एक तर धंद्याचं गणित. न पाहिलेल्या माणसाकडे दोन हजार पाठवणारा गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच बघतो की समोर कोणी खरं माणूस आहे का. व्यापारी तुमचा फोटो चोरेल, नमुना चोरेल, मजकूरसुद्धा चोरेल. तुमचं तोंड नि तुमच्या आज्याची गोष्ट चोरून तो काय करणार? आणि दुसरं, नाव लपवून ह्या धंद्यात फायदा झाला कुणाचा? चप्पल कोण करतं हे सगळ्यांना ठाऊकच आहे. नाव लपलं की जात लपत नाही, फक्त श्रेय लपतं, आणि ते उचलायला शेठ टपलेला असतो. बाबासाहेबांच्या पेढीला मुंबईतल्या मोजक्या दलालांचं गिऱ्हाईक होतं, ते तुटल्यावर दुसरं नव्हतं. वेबसाइटला ती हद्द नाही. नाव वाचून दहा पळतील. अकरावा नाव वाचूनच येईल, कारण त्याला शेठकडून घ्यायची नसते, करणाऱ्याकडून घ्यायची असते. अशी माणसं आहेत. आपलीही आहेत, नोकरीला लागलेली, फ्लॅटमध्ये राहणारी, मॉलमध्ये पाच हजारांचा बूट घेणारी. त्यांना पत्ता तर द्या!

आणि आपल्याच घरातलं एक बोलून टाकतो, चळवळीतल्या भावांना राग आला तरी. ‘आम्ही कोण’मध्ये बापाचं नाव येतं, आज्याचं येतं, थोरल्या भावाचं येतं. वेणी कोण वळतं? गोंडे कोण करतं? रात्री चूल आवरल्यावर दिव्याखाली कान शिवत कोण बसतं? तिचं नाव शेठच्या वेबसाइटवर नाही ते समजलं, आपल्या वेबसाइटवर का नाही? तिचंही नाव, तिचंही तोंड, तिची मर्जी असेल तर. फोन नंबर मात्र घरातला घालू नका, धंद्याचा वेगळा घ्या. नाव नि फोटो दिसला की रात्री-अपरात्री फोन करणारे सवर्ण सद्गृहस्थ कमी नाहीत, आणि आपल्यातलेही आहेत.

कोणी विचारेल, आता यंत्रच उत्तरं देतंय, मग पान उघडणार कोण? खरंय. २०२४ पासून गुगल भारतातही शोधाच्या डोक्यावर यंत्राने रचलेलं उत्तर ठेवू लागलं. पुष्कळ माणसं तेवढं वाचूनच निघून जातात. म्हणजे येणारे कमी होतील, ही तक्रार रास्त आहे. पण ते यंत्र स्वतः कधी चप्पल शिवायला बसलेलं नाही. ते लोकांनी लिहून ठेवलेलं वाचतं नि तेच घोळून सांगतं. उद्या कोणी पोर त्याला विचारील, कोल्हापुरी चप्पल कुणी घडवली? शेठनेच लिहून ठेवलेलं असेल तर यंत्र ‘राजेशाही वारसा’ सांगेल. हजार वर्षं पोथ्या दुसऱ्यांनी लिहिल्या, तेव्हा आपल्याला अक्षरबंदी होती. आज कोणती बंदी आहे?

काम करायचं कुणी? तुम्ही. अंक चालवता, वर्गणी गोळा करता, रात्रभर जागून मुद्रितं तपासता. कोल्हापुरात सुभाषनगरला जा, निपाणीला जा, अथणीला जा. एका घराला दोन रविवार पुरतात. पहिल्या रविवारी म्हाताऱ्याचं बोलणं उतरवा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, तळाचा नि शिवणीचा जवळून. दुसऱ्या रविवारी डोमेन घ्या, घरातल्या माणसाच्या नावाने, पानं चढवा. पासवर्ड घरातल्या पोरीला शिकवा, पोराला शिकवला तर तो पुण्याला नोकरीला जाईल. भाषण करू नका, चहा प्या, या.

आणि निघताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर डोमेन संपायची तारीख लाल पेनाने लिहून या. ती चुकली नि मुदतही उलटली, तर तोच पत्ता दुसऱ्या दिवशी कुठला शेठ घेईल सांगता येत नाही.